कॅमेरा शोकेसमध्ये, निगेटिव्ह रद्दीत

आजचा एपिसोड जुन्या फिल्म कॅमेऱ्यांवर. इन्स्टावर रोलचे फोटो बघून वाटतं की हे बाहेरून आलेलं नवीन फॅड आहे. तसं नाहीये. मुंबईला हा नाद जवळजवळ १७० वर्षांपासून आहे.

फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफी शिकवायला सुरुवातही झाली. सोसायटीत फक्त गोरे साहेब होते असं समजू नका. भायखळ्याचं म्युझियम ज्यांच्या नावाने आहे त्या भाऊ दाजी लाड यांचे भाऊ, डॉ. नारायण दाजी, हे तिथले नावाजलेले फोटोग्राफर होते. म्हणजे आपली माणसं पहिल्यापासून कॅमेऱ्यासमोरही होती आणि कॅमेऱ्यामागेही.

मग येतात सावेदादा, म्हणजेच हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. पेशाने फोटोग्राफर. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती बघून सावेदादांनी इंग्लंडहून रायली कंपनीचा कॅमेरा मागवला, किंमत २१ गिनी. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती त्यांनी शूट केली. पुढे रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तो सोहळाही टिपला. आज आपण एखादं गॅझेट बाहेरून मागवतो आणि ट्रॅकिंग रिफ्रेश करत बसतो ना, तसंच काहीसं. फक्त इथे पार्सल बोटीने येणार होतं.

फाळके तर आपल्याला माहीतच आहेत. पण कॅमेऱ्याच्या बाजूने त्यांची गोष्ट बघा. सिनेमाच्या आधी ते गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत होते. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला. पैसे लावणाऱ्यांना पटवण्यासाठी कुंडीत वाटाणा लावला आणि एकेक फ्रेम घेत रोपाची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ नावाचा हा टाइमलॅप्स म्हणजे त्यांचा डेमो होता, आणि डेमो बघून कर्ज मिळालं. दादरला, आज ज्याला दादासाहेब फाळके रोड म्हणतात तिथे, शूटिंग झालं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

फिल्म तेव्हा बिनभोकांची यायची. कडेची भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके अंधाऱ्या खोलीत रात्री बसून करत. तुमच्या ३५ एमएम रोलच्या कडेला आजही तीच भोकं असतात, कारण तो रोल मुळात सिनेमाचाच. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ही पट्टी आडवी वापरली: सिनेमाची एक फ्रेम चार भोकांची, फोटोची आठ भोकांची.

चाळीत कॅमेरा पोचला तो मात्र बराच उशिरा, आणि स्वस्त रूपात. ॲग्फा क्लिक थ्री, बडोद्यात बनलेला. १२० चा रोल, फोटो फक्त बारा, शटरचा स्पीड एकच. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रोल पुढे सरकवायचा. आमच्या परळच्या घरी तो अजून आहे. मी दिवसभर कोड लिहितो, तिथे अनडू दाबायची सवय. लालबागला गणपतीच्या आगमनात हाच कॅमेरा घेऊन उभा राहिलो की बाजूचे लोक फोनवर दोनशे फोटो काढून मोकळे होतात आणि माझा तिसरा फोटो अजून व्हायचा असतो. पण तो कुठे उभं राहून काढला, ऊन कुठून येत होतं, सगळं लक्षात राहतं. खरी मजा तीच.

जमवण्याचा नादही मुंबईत मोठा. दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांची गिनीज बुकात नोंद आहे, १९७७ पासून जमवलेले. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर चोर बाजार आणि फोर्टचा बोरा बाजार पालथा घाला. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघा, एक सेकंदाचा स्पीड लावून शटर ऐका. आणि पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवू नका. केस ओल धरते आणि बुरशी वाढते. घट्ट डबा आणि सिलिका जेल, बस्स.

आता मुद्द्याची गोष्ट. सावेदादांच्या फिल्म आज बघायला मिळत नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, आणि तीही १९१७ च्या नव्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. कॅमेऱ्याला बाजारात भाव आहे, म्हणून तो टिकतो. निगेटिव्हला भाव नाही, म्हणून ती जाते.

आणि हे आत्ताही चालू आहे. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळी रिडेव्हलपमेंटला जातायत. सामान बांधताना कॅमेरा पोराच्या शोकेसमध्ये जातो आणि निगेटिव्हचं पाकीट रद्दीत. त्या पाकिटात चाळीची गॅलरी असते, गिरणीच्या भोंग्यावर निघालेले आजोबा असतात, कुणाचं तरी बारसं असतं. त्याची दुसरी कॉपी कुठेही नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप नसलेला डेटा.

म्हणून या रविवारी आजीला विचारा, ‘आजी, जुनं पाकीट कुठंय गं?’ टॅबवर पांढरी स्क्रीन लावा, निगेटिव्ह काठाने धरून थोडी वर ठेवा, म्हणजे स्क्रीनचे ठिपके दिसणार नाहीत. फोनने फोटो घ्या आणि ॲपमध्ये रंग उलटे करा. मूळ निगेटिव्ह साध्या कागदी पाकिटात परत ठेवा. आणि आजी समोर बसलेली असतानाच फोटोतल्या माणसांची नावं लिहून घ्या. फोटो स्कॅन नंतरही करता येईल, नावं सांगणारं माणूस नंतर असेलच असं नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर रोल जपून वापरा!