सहा हेक्टरांवरचं कंपनीचं गाव

मी लहानाचा मोठा झालो कंपनीच्या कॉलनीत. शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, गणपतीच्या मांडवाचा खर्चही कंपनीचाच. बाबा रिटायर झाले, क्वार्टरची किल्ली परत करायची वेळ आली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे घर आपलं कधी नव्हतंच. म्हणूनच की काय, हाशिमाची गोष्ट वाचायला घेतली आणि अख्खा रविवार त्यातच गेला.

हाशिमा हे जपानमध्ये नागासाकीजवळचं एक चिमुकलं बेट. लांबी सुमारे ४८० मीटर, रुंदी १६०. लांबून युद्धनौकेसारखं दिसतं म्हणून त्याला 'गुंकानजिमा', म्हणजे युद्धनौका-बेट, म्हणतात.

१८९० मध्ये मित्सुबिशीने हे बेट १ लाख येनला विकत घेतलं. समुद्रतळाखाली कोळसा होता, तोही पोलादाच्या कारखान्यांना हवा असतो तसा उत्तम प्रतीचा. मूळ खडक अगदीच लहान. मग खाणीतूनच निघालेले दगड भोवती टाकून कंपनीने बेट जवळजवळ तिप्पट केलं. तरीही जागा किती, तर ६.३ हेक्टर! आडवं पसरता येईना, म्हणून गाव उभं वाढलं. १९१६ मध्ये इथे बांधलेली ७ मजली इमारत ही जपानमधली पहिली आरसीसी उंच चाळ.

१९५९ साली या बेटावर ५,२५९ माणसं राहत होती. चौरस किलोमीटरला ८३ हजारांच्या वर, करा हिशोब. शाळा, दवाखाना, सिनेमा थिएटर, देऊळ, पोहायचा तलाव, सगळं होतं. बाहेरून माती आणून लोक गच्चीवर बाग करायचे. घरभाडं नाममात्र. जपानमध्ये टीव्ही नवलाईचा होता तेव्हा इथे तो जवळजवळ घरोघरी आला. पण कोण कुठे राहणार हे कंपनी ठरवायची. मॅनेजरचं लाकडी घर बेटाच्या माथ्यावर, कामगाराला एक खोली आणि सामायिक संडास. थोडक्यात, ऑर्ग चार्टच सिमेंटमध्ये ओतलेला :)

आणि खाली? ६०० मीटरहून खोल शाफ्ट, त्याच्याही पुढे उतरत जाणारे बोगदे, ३० अंश उष्णता, हवेत ९५ टक्के दमटपणा. युद्धाच्या काळात इथे शेकडो कोरियन आणि चिनी माणसांना आणून सक्तीने राबवलं. त्यातले कित्येक परत गेलेच नाहीत.

१९६० च्या दशकात जपान कोळशाकडून तेलाकडे वळला आणि देशभर खाणी बंद पडू लागल्या. १५ जानेवारी १९७४ ला हाशिमाची खाण अधिकृतपणे बंद झाली. २० एप्रिलला शेवटचे रहिवासी बोटीत बसले. फक्त तीन महिने! एवढं गजबजलेलं गाव इतक्या पटकन कसं रिकामं होतं, हे आधी मला कळेना. मग लक्षात आलं, घर, दुकान, शेत, कुणाचं स्वतःचं काही नव्हतंच. पगार थांबला की मागे राहायला कारणच नाही.

२००९ पासून पर्यटक तिथे जातात. २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या बेटाचा समावेश झाला. तेव्हा जपानने कबूल केलं, की अनेकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणून हालअपेष्टांत राबवलं गेलं, आणि हा इतिहासही सांगू असं आश्वासन दिलं. २०२० मध्ये टोकियोत माहिती केंद्र उघडलं, पण २०२१ मध्ये वारसा समितीने, आश्वासन पुरेसं पाळलं नाही म्हणून, तीव्र खेद व्यक्त केला.

मला हे सगळ्यात जास्त टोचलं. टीव्ही आणि गच्चीवरच्या बागांच्या आठवणी सांगायला तिथे वाढलेली मुलं आहेत. ज्यांना तिथे खोलीसुद्धा धड मिळाली नाही, त्यांची गोष्ट सांगायला मात्र समितीला तगादा लावावा लागतो.

आमच्या कॉलनीत कायम कामगारांना क्वार्टर होत्या. कंत्राटी माणसं संध्याकाळी गेटबाहेर जायची. ती कुठे राहायची, हे मी बाबांना कधी विचारलंच नाही. आज फोन करून विचारणार आहे.