चाचणी आधी यंत्राला विचारते

पुण्यात आयसरमधला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक इंटेलच्या झिऑन प्रोसेसरांवर चालतो, तर सी-डॅकच्या ‘परम सिद्धी’त एएमडीचे एपिक आहेत. एव्हीएक्स-५१२ या रुंद, म्हणजे एका फटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या व्हेक्टर आज्ञा ब्रह्मच्या प्रोसेसरांना कळतात, सिद्धीच्या प्रोसेसरांना कळत नाहीत. त्या आज्ञा वापरणारी कंपायलरची चाचणी सिद्धीवर चालवली, तर प्रोग्राम जागीच कोसळेल. कंपायलरचा काही दोष नसताना निकाल लागेल ‘नापास’.

दुखणं जुनंच आहे. पॉझिक्स १००३.३ या मानकाने १९९१ मध्ये पास-नापासच्या जोडीला ‘अनसपोर्टेड’ हा निकालही दिला होता: इथे ही सोयच नाही, तेव्हा निवाडा नको. सिग्नस कंपनीत रॉब सॅव्हॉय यांनी लिहिलेल्या डेजाग्नू या चाचण्या चालवणाऱ्या साधनाने तो उचलला. जीसीसी या कंपायलरच्या चाचण्या डेजाग्नूवरच चालतात.

पण तो निकाल द्यायचा कधी, हे कसं ठरवणार? अ‍ॅपलच्या संगणकांतले जी-३ आणि १९९९ चे जी-४ हे दोन्ही प्रोसेसर पॉवरपीसी घराण्यातलेच. अल्टिवेक हा व्हेक्टर आज्ञांचा संच मात्र फक्त जी-४ मध्ये. घराण्याच्या नावावरून काही कळेना. जीसीसीच्या व्हेक्टर चाचण्यांमध्ये एक पळवाट आहे. प्रोग्राम सुरुवातीलाच एक व्हेक्टर आज्ञा देऊन बघतो, ‘बेकायदा आज्ञा’ असा सिग्नल आला की तो पकडतो आणि शून्य परतवून गुमान बाहेर पडतो. शून्य म्हणजे पास! पेपर कोरा ठेवून उत्तीर्ण. मला हे पटत नाही. आकडा वाढतो, तपासलेलं काहीच नसतं.

सरळ वाट अशी: चाचण्यांआधी एक इवलासा प्रोग्राम बांधून चालवायचा. अल्टिवेकसाठी त्यात ‘व्हॉर’ ही एकच आज्ञा. तो तगला तर चाचण्या चालवायच्या. कोसळला तर त्याच चाचण्या नुसत्या कंपाइल करायच्या. खरी गोम इथे आहे. कंपायलरला आज्ञा लिहिता येणं वेगळं आणि समोरच्या यंत्राला ती पाळता येणं वेगळं. सिद्धीवर बसूनही एव्हीएक्स-५१२ चा कोड तयार करता येतो, वाचून तपासता येतो. उत्तर बरोबर येतं का, एवढंच तिथे कळत नाही. शिवाय प्रोसेसरचा होकार पुरत नाही. रुंद रजिस्टरं सांभाळायला ऑपरेटिंग सिस्टिमही तयार हवी, म्हणून तिलाही विचारावं लागतं.

घराण्याच्या नावावरून न कळण्याचं दुखणं आपल्याकडेही आहे. सी-डॅकचे वेगा प्रोसेसर रिस्क-फाइव्ह घराण्यातले. त्या घराण्यात गुणाकाराची आज्ञासुद्धा ऐच्छिक आहे. ती नसेल तिथे कंपायलर गुणाकारासाठी लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो.