अकरा बावन्नचा ठिपका

7 मार्च 2014, शुक्रवार. रात्रीचे पावणेअकरा वाजलेत. तुम्ही बारामती-इंदापूर रस्त्यावर, भवानीनगरच्या साखर कारखान्याबाहेर उभे आहात. गाळप अजून सुरू आहे. उसाचे ट्रॅक्टर काट्यासमोर रांगेत लागलेत, हवेत मळीचा वास आहे. दिवसा याच आकाशात बारामतीच्या शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालतात. आत्ता वर फक्त चांदणं आहे. घड्याळ आपलंच ठेवा आणि क्वालालंपूरच्या हवाई नियंत्रण कक्षात चला. तिथलं घड्याळ अडीच तास पुढे आहे.

मलेशिया एअरलाइन्सचं एमएच 370 दहा वाजून बारा मिनिटांनी बीजिंगकडे निघालंय. विमानात 239 माणसं आहेत. त्यांतले पाच भारतीय. मुंबईचं एक मराठी कुटुंब आणि पुण्याची एक महिला त्यांच्यात आहे. 10:49ला वैमानिक कक्षातून ‘गुड नाइट’ ऐकू येतं. आता विमान व्हिएतनामच्या नियंत्रकांकडे जायचं. तुम्ही पडद्याकडे बघत राहा. 10:51ला विमानाच्या नावाची खूण पडद्यावरून जाते.

विमान मात्र उडतंच आहे. गेलंय ते त्याचं उत्तर. हा पडदा दुय्यम रडारच्या भरवशावर चालतो. रडार विचारतं, विमानातला ट्रान्सपाँडर आपला संकेतांक आणि उंची कळवतो. ट्रान्सपाँडर गप्प झाला की नाव पुसलं जातं. प्राथमिक रडारला उत्तराची गरज नसते. ते रेडिओलहर सोडतं, ती विमानाच्या धातूवर आपटून परत येते. जायला-यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं आणि अँटेनाच्या रोखावरून दिशा. इंदापूरवर उडणाऱ्या विमानाकडे बारामतीहून लहर सोडली, तर ती सेकंदाच्या सुमारे तीन हजाराव्या भागात परत येईल. ही वेळ मोजता येते, म्हणूनच निनावी विमानाचाही माग काढता येतो. उंची मात्र अशा नोंदीवरून खात्रीनं सांगता येत नाही.

11:09. व्हिएतनामचे नियंत्रक विचारतात, विमान कुठे आहे? विमान कंपनीकडून उत्तर येतं, कंबोडियाच्या हद्दीत. कंपनीच्या पडद्यावर ते तिथे दिसतंही; पण तो पडदा आधी आखलेल्या मार्गावरून काढलेला अंदाज दाखवतोय. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटेल. सांगता येणार नाही. तुम्ही इथे फक्त पाहायला आला आहात.

म्हणून मलेशियाच्या हवाई दलाच्या रडारसमोर या. इथे एक निनावी ठिपका उलटा वळलाय. कोटा बारूजवळून मलेशियाचा द्वीपकल्प आडवा ओलांडून तो पश्चिमेला चाललाय. 11:22ला तो पेनांग बेटाच्या दक्षिणेला पोहोचतो. त्याच मिनिटाला सहवैमानिकाच्या मोबाइलची नोंद पेनांगच्या एका टॉवरवर होते. मग ठिपका वायव्येला, मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून पुढे सरकतो. हे विमान आपल्याला धोक्याचं नाही असं मानून त्याच्यामागे कुणी लढाऊ विमान धाडत नाही. 11:52. शेवटचा ठिपका उमटतो आणि विमान रडारच्या टप्प्याबाहेर जातं.

आपल्याकडे पहाटेचे तीन वाजतात, तेव्हा कुठे शोध-बचाव केंद्र कामाला लागतं. जहाजं आणि विमानं दक्षिण चिनी समुद्राकडे धावतात. रडारच्या नोंदी पुन्हा चालवून पाहिल्यावर परतीची वाट दिसू लागते, तरी पूर्वेकडचा शोध आठवडाभर चालतो. 15 मार्चला मलेशियाचे पंतप्रधान नजीब रझाक सांगतात की विमान कुणीतरी जाणूनबुजून वळवलं असावं.

विमान असं पडद्यावरून हरवणं पूर्वीही घडलं होतं. 11 सप्टेंबर 2001ला अपहरणकर्त्यांनी अमेरिकन एअरलाइन्सच्या 77 क्रमांकाच्या विमानाचा ट्रान्सपाँडर बंद करून ते वॉशिंग्टनकडे वळवलं. इंडियानापोलिसच्या नियंत्रकाला ते दिसेना. नंतर नोंदी उलगडल्या, तेव्हा प्राथमिक रडारच्या ठिपक्यांतून त्याची वाट सापडली. ठिपके 8 मिनिटं 13 सेकंद नियंत्रकाच्या पडद्यावर आलेच नव्हते.

एमएच 370ची पुढची वाट उपग्रहाशी झालेल्या तुटक संपर्कांवरून काढली गेली. त्यातला शेवटचा आपल्या पहाटे 5:49चा. गणिताचा धागा हिंदी महासागराच्या दक्षिणेला गेला. तिथे सुमारे 1,20,000 चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळला गेला, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या साडेसातपटीहून जास्त. जुलै 2015मध्ये रीयुनियन बेटावर पंखाचा एक भाग मिळाला. मुख्य सांगाडा मात्र ना या मोहिमेत सापडला, ना 2018च्या शोधात. मलेशियाच्या 2018च्या अहवालानं त्रयस्थाच्या हस्तक्षेपाची शक्यता नाकारली नाही, पण कुणावर ठपकाही ठेवला नाही. अपहरण झालं की आणखी काही, हे ठरवण्याइतका पुरावा नाही.

परत येताना एवढं लक्षात ठेवा. त्या रात्री नोंद होती. ती वेळेवर झाली होती. पण निर्णय घेणाऱ्यांनी अंदाजावर भिस्त ठेवली आणि नोंद नंतर वाचली. विमानाची जागा किमान दर 15 मिनिटांनी कळत राहावी, हा आंतरराष्ट्रीय नियम या घटनेनंतर आला आणि नोव्हेंबर 2018पासून लागू झाला. तो हवाच होता. पण उपकरणं वाढवून भागत नाही. समोरची नोंद त्याच रात्री वाचणारा, आणि ती पाहून फोन उचलणारा माणूस तिथे बसलेला असायला हवा. मुंबई-पुण्याच्या त्या घरांना उत्तर मिळेपर्यंत हा शोध थांबवण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.