नकाशा आधी, सनावळी मागून

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचा इतिहास शिकविताना आपण हायस्कुलातील मुलांकडून सनावळ्या घोकून घेतो. नद्या-डोंगरांना मात्र काही विचारीत नाही. वास्तविक आधी नकाशा पुढे ठेवावा. अ‍ॅपलेशियन पर्वतापलीकडचे धान्य मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेस न्यू ऑर्लिअन्सला उतरे. म्हणून १८०३ साली जेफर्सनला ते बंदर हवे होते. १८२५ मध्ये मोहॉकच्या खोऱ्यातून ३६३ मैलांचा ईरी कालवा पुरा झाला आणि धान्याचा ओघ न्यूयॉर्ककडे वळू लागला. १८६१ च्या यादवीत ओहायो, इलिनॉय उत्तरेच्या बाजूने उभी राहिली, त्याच्या अनेक कारणांत हेही एक होय. मात्र एवढ्यावर तास संपवू नये. दक्षिणेत कापूस जमिनीने पिकविला. गुलामगिरी माणसांनी लादली. हा विवेक मुलांना आला, तरच आपले शिकविणे सार्थकी लागेल.