सूझा, फ्रान्सिस न्यूटन : मानवाकृती

(१२ एप्रिल १९२४ – २८ मार्च २००२). मानवी देहाचे सौष्ठव मुद्दाम मोडून काढणारे आधुनिक भारतीय चित्रकार. जन्म गोव्यातील साळगावचा. लहानपणी देवी आल्या. त्यातून मुलगा वाचल्यावर आईने नवसाप्रमाणे सेंट झेवियरचे ‘फ्रान्सिस’ हे नाव त्याला जोडले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४५ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. १९४७ मध्ये रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप स्थापला आणि १९४९ मध्ये लंडन गाठले.

सूझांनी काढलेले डोके ओळखायला सही शोधावी लागत नाही. कपाळ जवळजवळ नसतेच, डोळे थेट केसांपाशी सरकलेले असतात. त्यांच्यामधून लांबच लांब नाक खाली उतरते आणि तोंडात दातांच्या रांगा विचकलेल्या दिसतात. गालांवर व मानेवर आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. अशी जाळी एरवी छायेसाठी वापरतात. इथे ती ओरखड्यांसारखी कातडीवर उठते. काही डोक्यांत बाणही रुतलेले आहेत.

या विरूपणावरून त्यांना पिकासोचे अनुयायी ठरवणे सोपे आहे, पण अपुरे. पिकासो एकच चेहरा अनेक बाजूंनी दाखवतो. सूझांचा माणूस बहुधा समोरच उभा असतो आणि त्याच्यावर आरोपपत्र ठेवलेले असते. गोव्याच्या चर्चमधील संत आणि क्रूस त्यांच्या चित्रांत सतत येतात, मात्र भक्तीचा गोडवा वगळून. ‘क्रुसिफिक्शन’ (१९५९, टेट, लंडन) मधील काळपट, काटेरी ख्रिस्त सांत्वन करीत नाही. त्यांच्या नग्न स्त्रियांचे भरदार देह मंदिरशिल्पांची आठवण देतात. त्यांत वासना व धास्ती एकत्र नांदतात, काही ठिकाणी निव्वळ धक्का देण्याची हौसही दिसते.

१९६० नंतरच्या दशकात त्यांनी काळ्यावर काळा रंग चढवून चित्रे केली. ती तिरप्या उजेडातच उलगडतात. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तेथे छापील पानांवरची शाई रसायनाने विरघळवून त्यांनी रेखाटने केली. मृत्यू मुंबईत झाला.

‘बर्थ’ (१९५५) हे तैलचित्र २०१५ मध्ये ४० लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. तरी सूझांची खरी ताकद कागदावरच्या शाईच्या रेषेत आहे; उत्तरकाळातील बरीच तैलचित्रे तिच्यापुढे फिकी पडतात.