आरोग्य विम्यातील दंतोपचार (भारत)

भारतातील बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी दातांवरील नेहमीच्या उपचारांचा खर्च देत नाहीत. मात्र अपघात, जबड्याचे आजार किंवा कर्करोग यांमुळे रुग्णालयात दाखल होऊन करावे लागणारे दंतोपचार त्यांच्या कक्षेत येऊ शकतात. दातावर नेमके काय केले यापेक्षा ते का करावे लागले आणि कोठे केले, यावर दाव्याचा निकाल अधिक अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

भारतातील आरोग्य विम्याची रचना रुग्णालयातील वास्तव्याभोवती झालेली आहे. आंतररुग्ण उपचारांसाठी सामान्यतः किमान २४ तास दाखल असणे आवश्यक असते. त्याहून कमी वेळाच्या उपचारांसाठी 'डे-केअर' हा प्रकार आहे. तथापि, वैद्यकीय तंत्र सुधारल्यामुळे ज्यांचा रुग्णालयातील मुक्काम कमी झाला, असेच उपचार त्यात मोडतात. बाह्यरुग्ण विभागात एरवीही होणारे उपचार त्यात येत नाहीत. रूट कॅनॉल तासाभरात आटोपते, पण त्यासाठी पूर्वीही कोणी रुग्णाला दाखल करून घेत नव्हते. त्यामुळे ते डे-केअर ठरत नाही. दात साफ करणे, सिमेंट भरणे, कॅप बसवणे, कवळी आणि दात सरळ करण्यासाठीच्या तारा यांचीही हीच गत होते.

यामागे आर्थिक कारणही आहे. विमा अनिश्चित धोक्यासाठी असतो, तर किडलेल्या दाताचा खर्च बराचसा अपेक्षित असतो आणि काही काळ पुढे ढकलताही येतो. उपचाराची गरज असलेल्यांनीच विमा घेतला, तर हप्ता न परवडण्याइतका वाढतो.

कोणते उपचार समाविष्ट होतात

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या निर्देशानुसार २०२० मध्ये सुरू झालेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत आजार वा इजेमुळे आवश्यक ठरलेल्या दंतोपचारांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र त्यासाठीही रुग्णालयात दाखल होण्याची अट आहे आणि मंजूर दाव्याचा ५ टक्के भाग विमाधारकाने स्वतः सोसायचा असतो. अन्य पॉलिसींपैकी काही केवळ अपघाताचा अपवाद करतात.

दुचाकीच्या अपघातात जबड्याचे हाड मोडल्यास ते जोडण्याची शस्त्रक्रिया सामान्यतः दाव्यास पात्र असते. त्याच अपघातात पडलेल्या दाताच्या जागी नंतर इम्प्लांट बसवण्याचा खर्च मात्र अनेकदा नाकारला जातो. तोंडाच्या कर्करोगात जबड्याचा भाग काढणे हा कर्करोगाचाच उपचार होय. डोके व मानेवर किरणोपचार करण्यापूर्वी किडलेले दात काढावे लागतात, कारण नंतर जबड्याचे हाड नीट भरून येत नाही. येथे कागदपत्रांना विशेष महत्त्व येते: डिस्चार्ज कार्डावर केवळ 'दात काढले' एवढीच नोंद असेल, तर दावा अडू शकतो, कर्करोगतज्ज्ञाचा लेखी सल्ला सोबत असल्यास कारण स्पष्ट होते. अपघाताच्या दाव्यात क्ष-किरण चित्रे आणि वैद्यकीय-कायदेशीर नोंद तेच काम करतात.

अपघात वगळता नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस दावा करता येत नाही. पूर्वीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे.

बाह्यरुग्ण संरक्षण

काही कंपन्या जादा हप्त्याच्या बदल्यात बाह्यरुग्ण खर्च देतात, त्यात दंतोपचार असू शकतात. अशा संरक्षणाला वार्षिक मर्यादा असते. ती जादा हप्त्याच्या जवळपासच असेल, तर लाभ नावापुरता उरतो. नोकरदारांच्या समूह विम्यात ही सोय कधीकधी आढळते.

शासकीय योजना

कर्मचारी राज्य विमा योजना आणि केंद्र सरकारी आरोग्य योजना यांत नेहमीचे दंतोपचारही मिळतात. महाराष्ट्रातील महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत योजना मात्र मुख्यतः रुग्णालयीन उपचारांसाठी आहेत. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसमुळे अनेक रुग्णांचा वरचा जबडा काढावा लागला, तेव्हा राज्य शासनाने त्या आजाराचे उपचार फुले योजनेत आणले. विमा नसलेल्यांना मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत अल्प दरात उपचार घेता येतात.

तक्रार निवारण

दावा नाकारल्यास प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.