माळ्यावरचा हिवाळी मुक्काम

आपल्याकडे माशी हा पावसाळ्याचा आणि फळांच्या हंगामाचा उपद्रव. आंब्याच्या कोयी अंगणात पडू लागल्या की ती हजर होते आणि थंडीने जोर धरला की तिची कुणाला आठवणही राहत नाही. त्यामुळे बाहेर गुडघाभर बर्फ साचलेले असताना, जानेवारीतल्या एखाद्या निरभ्र दुपारी, बंद खिडकीच्या काचेवर शेदोनशे माश्या जडपणे सरपटू लागतात आणि संध्याकाळी उंबरठ्यालगत त्यांचा खच पडतो, हा इंग्लंडातील, कॅनडातील किंवा न्यूयॉर्क-व्हरमाँटकडील घराघरांतला अनुभव आपल्या कल्पनेत सहजासहजी उतरत नाही. तिकडे नव्याने घर घेतलेल्या मराठी कुटुंबालाही पहिल्या हिवाळ्यात भिंतीच्या पोकळीत उंदीर मरून पडला असावा असाच संशय येतो. या संशयाला मोठा इतिहास आहे आणि त्याच्या नादाने जे इलाज झाले त्यांचा इतिहास तर त्याहूनही मनोरंजक आहे.

या माशीला इंग्रजी मुलखात क्लस्टर फ्लाय म्हणतात, कारण ती एकेकटी न राहता छताच्या कोपऱ्यात, पडद्याच्या चुणीत, तुळईच्या खाचेत घोळक्याने चिकटून बसते. घरमाशीहून ती किंचित मोठी. पाठीवर सोनेरी, कुरळी लव, बसली असता पंख एकमेकांवर घडी घातल्यासारखे, आणि चाल अशी मंद की मुलांनीही तिला चिमटीत धरावे. चिरडली तर मधासारखा उग्रट वास येतो. लिनीअसचा शिष्य योहान ख्रिश्चन फाब्रिसियस याने १७९४ साली तिची शास्त्रीय दफ्तरात नोंद केली. पण नोंद झाली ती तिच्या देहाची. ती कोठून येते, आयुष्यभर काय खाते आणि थंडी पडू लागताच सज्जन गृहस्थाच्या माळ्यावर मुक्काम का ठोकते, याविषयी पुढील शंभराहून अधिक वर्षे केवळ तर्क चालले होते.

अमेरिकेत तिची कैफियत प्रथम ठळकपणे मांडली ती एका शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो. अलास्काच्या किनाऱ्यावरील मृदुकाय प्राण्यांवर अधिकाराने लिहिणारा विल्यम हीली डॉल याने वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या १८८२ सालच्या कार्यवृत्तात न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा या गावच्या घरांत शिरणाऱ्या या माश्यांवर एक छोटे टिपण छापले. एरवी माशीवर लिहिण्याचे कारण नसलेल्या पंडिताने तिच्यासाठी लेखणी उचलावी, यावरूनच तिकडच्या गृहिणींच्या तक्रारी कोणत्या थराला गेल्या असतील याचा अदमास येतो.

या तक्रारींत त्रासापेक्षा लज्जेचा भाग अधिक होता आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो वाढतच गेला. १९०५ साली कॅन्सस संस्थानच्या आरोग्य मंडळाचे चिटणीस डॉ. सॅम्युएल क्रंबाइन यांनी माशी मारण्याची मोहीमच पुकारली. काठीला जाळीचा तुकडा ठोकलेले माशीमार अस्त्र त्याच मोहिमेत लोकप्रिय झाले. पुढे १९११ साली कीटकशास्त्रज्ञ लेलंड हॉवर्ड यांनी घरमाशीला विषमज्वराची माशी म्हणावे, असा आग्रह धरणारा ग्रंथ लिहिला. घरमाशीपुरता हा आरोप रास्तच होता. उकिरड्यावरून उठून अन्नावर बसणारी ती. परंतु लोकशिक्षणाचे फर्मान एकदा सुटले म्हणजे ते जातीजातींतील भेद पाहत नाही. माशी म्हणजे घाण, घाण म्हणजे रोग आणि रोग म्हणजे गृहिणीचा हलगर्जीपणा, अशी साखळी एकदा तयार झाल्यावर जिच्या माळ्यावर दर आश्विनात हजारोंनी माश्या उतरत तिने शेजारणीपुढे मान खाली घालावी, हे ओघानेच आले. त्यात ही माशी दिसायला मेलेल्या जनावरावर वाढणाऱ्या निळ्या माशीच्या गोतातली. तेव्हा भिंतीत काहीतरी कुजत आहे या कल्पनेला शास्त्राचाही दुजोरा असल्याचा भास होई.

खरी हकीकत उजेडात आणली ती डेव्हिड केलिन या तरुणाने. मॉस्कोत १८८७ साली जन्मलेला, वॉर्सात वाढलेला, दम्याने गांजलेला हा ज्यू विद्यार्थी पॅरिसमध्ये शिकत असताना एके दिवशी पावसापासून आडोसा शोधत एका व्याख्यानगृहात शिरला. तेथे मोरिस कोलेरी या प्राणिशास्त्रज्ञाचे प्रवचन चालले होते आणि ते ऐकून त्याच्या आयुष्याची दिशा ठरली, अशी आख्यायिका त्याच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते. कोलेरीच्या प्रयोगशाळेत परोपजीवी अळ्यांचा अभ्यास करताना त्याने १९०९ साली दाखवून दिले की, ही माशी उकिरड्यावर नव्हे, प्रेतावर नव्हे, तर गांडुळाच्या देहात वाढते. मादी ओलसर मातीच्या भेगांत अंडी घालते. त्यांतून निघालेली इवलीशी अळी मातीत गांडूळ हुडकून त्याच्या शरीरात प्रवेश करते, त्याच्यावरच पोसली जाते आणि शेवटी पुन्हा मातीत कोश करून माशी होऊन बाहेर पडते. हाच केलिन पुढे केंब्रिजला गेला आणि घोड्याच्या जठरात वाढणाऱ्या माशीच्या नादाने श्वसनातील सायटोक्रोम या द्रव्यापर्यंत १९२५ साली पोहोचला. जीवरसायनशास्त्र त्याला त्या शोधासाठी वंदन करते. मला मात्र गांडुळाच्या पोटातून माशीची जबानी काढणारा केलिन अधिक जवळचा वाटतो.

या एका शोधाने सारा मामला उलटा झाला. घराभोवतीची जमीन जितकी सुपीक, हिरवळ जितकी दाट आणि कुरण जितके निरोगी, तितकी गांडुळे अधिक आणि तितकाच हिवाळ्यात माळ्यावरचा घोळका मोठा. इंग्लंडातील पुष्कळ भागांत एकरी दहा टनांहून अधिक माती दरसाल गांडुळांच्या शरीरातून जाऊन पृष्ठभागावर येते, असा हिशोब डार्विनने १८८१ साली, म्हणजे डॉलच्या टिपणाच्या केवळ वर्षभर आधी, मांडला होता. त्या समृद्धीतली अल्पशी वाटणी माशीकडे जात होती, इतकेच. अमेरिकेच्या उत्तरेकडे तर ही कथा आणखी लांबते. हिमयुगातील बर्फाच्या थराखाली जो भूभाग गाडला गेला होता तेथे मूळची गांडुळे जवळजवळ उरलीच नव्हती. आज तेथल्या शेतांत आणि बागांत जी वळवळताना दिसतात त्यांतील बहुतेक युरोपीय वसाहतवाल्यांच्या रोपांच्या मुळांशी आणि जहाजांत भाराकरिता भरलेल्या मातीतून गेलेली. माशीही मूळची युरोपातलीच. ज्या शेतकऱ्याने गहू, सफरचंद आणि गाय यांच्यासह नकळत गांडूळ नेले, त्याच्या नातीने पुढे माशीबद्दल गाऱ्हाणे केले.

तरीही इलाज मात्र जुन्याच समजुतीवर चालत राहिले. बंद खोलीत गंधक जाळून धुरी देणे, डाल्मेशियाकडून येणारी शेवंतीवर्गीय फुलांची पायरेथ्रम पूड फटींत फुंकणे, हे एकोणिसाव्या शतकातील सर्वसाधारण उपाय. पाउल म्यूलरने १९३९ साली डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण ओळखला आणि महायुद्धानंतर घरोघर माळ्यांवर त्या फवाऱ्याचा अंमल सुरू झाला. परंतु भिंतीच्या पोकळीत हजारो माश्या एकदम मारल्या की त्यांची कलेवरे तेथेच राहतात आणि त्यांवर गालिचे व लोकरी कपडे कुरतडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या पोसल्या जातात. म्हणजे जी भिंत माशीमुळे कधीच घाण झाली नव्हती ती औषधामुळे खरोखर घाण झाली. त्यापेक्षा झाडू, आणि १९०१ साली ह्यूबर्ट बूथने इंग्लंडात आणलेले धूळ ओढणारे यंत्र, ही दोन साधने अधिक शहाणी म्हणावी लागतील. ही माशी घरात अंडी घालत नाही. केवळ थंडी काढण्यापुरती आलेली असते. अन्नाकडेही तिचे फारसे लक्ष नसते आणि वसंतात ऊन पडताच ती प्रकाशाकडे, म्हणजे खिडकीकडेच धावते.

खरा बंदोबस्त गवंड्याच्या हातचा आहे. उन्हाळा सरताना या माश्या दुपारी दक्षिण-पश्चिमेच्या तापलेल्या भिंतींवर ऊन खात बसतात आणि सूर्य कलताच वळचणीच्या, खिडकीच्या चौकटीच्या आणि छपराच्या फटींतून आत शिरतात. मनोऱ्यांच्या जुन्या इंग्रजी चर्चांत अशा फटी इतक्या असतात की, तेथे त्या बुजवण्याचा विचारही कोणी करत नाही. साध्या घरात मात्र हे काम साधते. ते ऑगस्टअखेरपर्यंत उरकावे लागते. त्यानंतर बाहेरच्या फटी लिंपल्या तर आधीच आत आलेल्या माश्यांची बाहेरची वाट बंद होते आणि त्या उबेच्या व उजेडाच्या ओढीने भिंतींच्या सांध्यांतून, दिव्यांच्या खोबणींतून थेट दिवाणखान्यात उतरतात.